बिनधुराचे आप्पा

आप्पा बोरसे लाकूड गालाला लावून बघतात. आपण आंबा जसा नाकाशी नेतो, तितक्याच सहजपणे.

हे मला पहिल्यांदा कळलं ते आमच्याकडे सत्यनारायण होता तेव्हा. आम्ही सुरतेतल्या गोडादऱ्याच्या या सोसायटीत नुकतेच राहायला आलो होतो. तळमजल्यावरचे आप्पा प्रसादाला आले. उंच, सडपातळ, पांढरा सदरा, खिशाला छोटा कंगवा. नमस्कार केला, प्रसाद खाल्ला, हात धुतले आणि आमच्या नव्या कोऱ्या शोकेससमोर वाकून तिच्या दाराला गाल लावून डोळे मिटून उभे राहिले. माझ्या सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने गुरुजींकडे बघितलं.

"वलं शे," आप्पा म्हणाले.

म्हणजे ओलं आहे. फर्निचरवाल्याने सहा वेळा सांगितलं होतं की लाकूड पूर्ण वाळवलेलं आहे. मी ते आप्पांना सांगितलं. आप्पा मान हलवत म्हणाले, "ताई, वलं लाकूड गालाले गार लागतं. हाताले नाही कयत. हातानं जलमभर काम केलेलं असतं ना. गालानं काय केलेलं असतं?"

पावसाळ्यात शोकेसचं दार फुगून बसलं ते दिवाळीलाही उघडलं नाही. सासूबाईंचे दिवाळीचे चांदीचे दिवे आतच राहिले. तेव्हापासून आमच्या घरात आप्पांच्या गालाला मान आहे.

आप्पांचं खरं नाव दगाजी. साक्रीकडच्या एका खेड्यातून तरुणपणी सुरतेला आले, आधी लूमवर आणि मग पांडेसऱ्याच्या एका डाईंग मिलमध्ये बॉयलरवर लागले. निवृत्त होईपर्यंत तिथेच. बोलणं अहिराणी वळणाचं, 'ळ' चा 'य' करतात, त्यामुळे कोळशाला कोयसा म्हणतात. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर "राहून गेलं" म्हणतात, बाजारातून कोथिंबीर आणायची राहून जावी तसं.

बोलायची मात्र भारी हौस. जिन्यात भेटले तर दूध नासेपर्यंत सोडत नाहीत. आणि विषय एकच, आग. बसमधून जाताना पांडेसऱ्याच्या चिमण्या दिसल्या की शेजारच्या अनोळखी माणसाला सांगतात, "ते पहा, हवा कमी पडी ऱ्हायनी." म्हणजे आगीला हवा कमी पडतेय. माणसांनाही त्यांनी दोन भागांत वाटून टाकलंय, वले आणि सुके. सुका माणूस लगेच पेटतो, उजेड देतो, मोकळा होतो. वला नुसता धुमसतो आणि आजूबाजूच्यांचे डोळे चुरचुरवतो. माझे यजमान मराठी शाळेत शिक्षक आहेत, त्यांना आप्पांनी सुक्यात घातलं. मी बँकेत आहे. माझ्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "ताई, वायतीन हयूहयू." म्हणजे वाळेन मी.

निवृत्तीनंतर आप्पांनी कोळसा करायला घेतला. टाकाऊ लाकडापासून. सुरतेत टाकाऊ लाकडाला तोटा नाही. कापड मार्केटच्या मागे गठ्ठ्यांच्या मोडक्या पेट्या पडलेल्या असतात, पालिकेची माणसं तारांखालच्या फांद्या छाटून रस्त्याकडेला टाकतात, आणि जुने लूम भंगारात निघाले की त्यांचे लाकडी धोटे पोत्याने मिळतात. धोट्याचं लाकूड घट्ट, वर्षानुवर्षं सुताबरोबर इकडून तिकडे पळून गुळगुळीत झालेलं. धोटा हातात आला की आप्पा तो आधी थोडा वेळ नुसता कुरवाळतात.

लाकूड दिसलं की त्यांना पुढे जाववत नाही. एकदा यजमान आणि आप्पा एका लग्नाहून रिक्षाने परत येत होते. रिंगरोडला आप्पांनी रिक्षा थांबवली आणि मार्केटच्या कोपऱ्यावरची एक अख्खी पेटी आत घेतली. यजमान घरी आले ते नव्या सफारीच्या गुडघ्यांवर खिळ्यांचे ओरखडे घेऊन. "त्यांनी मला धरायला सांगितली," एवढंच म्हणाले. होळीला तर आप्पांचं तोंड बघवत नाही. सगळी सोसायटी नारळ घेऊन फेऱ्या मारते आणि हे एका बाजूला हात बांधून उभे, कुणीतरी जवळचं माणूस गाडीत बसवून दिल्यासारखे. "इतल्या लाकडाचा केवढा कोयसा झाला असता," एवढं हळू म्हणतात आणि घरी जातात.

पहिला कोळसा त्यांनी गावाकडच्या पद्धतीने केला. सोसायटीच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ थोडी मोकळी जागा आहे, तिथे खड्डा खणला, लाकडं रचली, पेटवली आणि वरून माती टाकली. धूर निघाला. साधासुधा नाही. पिवळट, जाड, जिन्यातून चढत चढत प्रत्येक मजल्यावर थांबून आत डोकावणारा. आमचे सेक्रेटरी जयंतीभाई यांच्या पत्नी उषाबेन यांनी गच्चीवर वर्षाचे उडदाचे पापड घातले होते.

"आप्पा," उषाबेन खाली येऊन म्हणाल्या, "बधा पापड काळा थई गया."

आप्पांनी एक पापड हातात घेऊन बघितला. वास घेतला. मग म्हणाले, "बेन, लाकूड वलं होतं." जणू त्यांच्यापुरता प्रश्न मिटला.

जयंतीभाई शांत माणूस. त्यांनी आवाज चढवला नाही. कमिटी बसली आणि टाकीमागे काहीही पेटवायला बंदी झाली. आप्पांनी ती मान खाली घालून ऐकली. पण त्यांना बंदीपेक्षा धुराचं जास्त लागलं होतं. दुसऱ्या दिवशी जिन्यात मला अडवून म्हणाले, "ताई, बॉयलरवर मी होतो तवा आमची चिमणी सगळ्यात साफ होती. धूर म्हंजे काय? न जयलेलं जयन. अर्धा कोयसा मी हवेत सोडी दिन्हा काल. मलेच लाज वाटी ऱ्हायनी."

नंतर कित्येक आठवडे ते गप्पगप्प होते. म्हणजे जिन्यात दूध नासण्याआधी सोडायचे. घरात जमिनीवर खडूने गोल काढून बसायचे. मग एक दिवस भंगारवाल्याकडून खाद्यतेलाचे दोन ड्रम आले, एक मोठा आणि एक त्यात सहज बसेल असा लहान.

त्यांची युक्ती मला त्यांनी इतक्या वेळा सांगितली आहे की आता मीही सांगू शकते. लहान ड्रमात वाळलेलं लाकूड उभं ठासायचं, झाकण ओल्या मातीने लिंपायचं. त्या ड्रमला बुडाशी भोकं. तो मोठ्या ड्रमात ठेवायचा आणि दोघांच्या मधल्या जागेत काटक्या, ढलप्या, काहीही फालतू पेटवायचं. आतल्या लाकडाला आग लागतच नाही, ते नुसतं तापतं. तापलं की त्यातला धूर बुडाच्या भोकांतून बाहेर येतो आणि बाहेरच्या आगीत सापडून जळून जातो. एकदा हे सुरू झालं की वरून काटक्या घालाव्या लागत नाहीत. "लाकडाचा धूरच लाकडाले तापाडस," आप्पा म्हणतात, आणि हे म्हणताना त्यांचा चेहरा नातू चालायला लागलेल्या आजोबांसारखा होतो. खड्ड्यात जेवढ्या लाकडाची एक टोपली निघायची, तेवढ्यात आता दोन निघतात.

पण हे लगेच जमलं नाही. पहिल्या खेपा त्यांनी कोसाडच्या पुढे एका ओळखीच्याच्या शेतावर केल्या. त्यातल्या एकीचा ड्रम त्यांनी घाईने गरम असतानाच उघडला. आत तयार कोळसा होता, काळा, चकचकीत. वारा लागला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर तो सगळा लाल झाला आणि बघता बघता राख झाला. पाणी आणेपर्यंत काही राहिलं नव्हतं. हे सांगताना ते नेहमीसारखे हातवारे करत नाहीत. "आपली घाई," म्हणतात, "दुसरं काय."

शेवटी त्यांनी जयंतीभाईंकडे परवानगी मागितली. एकदा समोर करून दाखवतो, म्हणाले. जयंतीभाई हो-नाही करत होते. उषाबेन आतून आल्या आणि म्हणाल्या, "दाखवा. पण मी तिथेच पापड घालणार. एक जरी काळा झाला तर ड्रम भंगारमां."

रविवारी सकाळी सगळी सोसायटी टाकीमागे जमली. ड्रमपासून चार हातांवर उषाबेनचा खाटला, त्यावर पांढरी चादर, चादरीवर पापड. आप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांनी ड्रम पेटवला. सुरुवातीला थोडी पांढरी वाफ आली. उषाबेननी पदर नाकाला लावला. "पानी शे ते, बेन," आप्पा म्हणाले, "धूर नाही." बराच वेळ काही घडलं नाही. लोक कंटाळून आपापसात बोलायला लागले. मग ड्रमच्या आतून घुरघुर असा आवाज यायला लागला, लांबून रेल्वे येत असल्यासारखा, आणि वर बसवलेल्या चिमणीच्या तोंडावरची हवा नुसती थरथरू लागली. धूर नाही. आप्पांनी हळूच बाजूला होऊन सगळ्यांना ते बघू दिलं.

दुपारी उषाबेननी एकेक पापड उचलून उजेडात धरून बघितला. सगळ्यांत शेवटचा पापड त्यांनी दोन्ही बाजूंनी बघितला. मग तो तसाच कच्चा आप्पांच्या हातात दिला. "घरी भाजून खाजो," म्हणाल्या. परवानगी मिळाली. आप्पांनी तो पापड घरी नेऊन भाजून खाल्ला की नाही मला माहीत नाही, पण संध्याकाळपर्यंत तो हातात धरून फिरताना बऱ्याच जणांनी त्यांना पाहिलं.

तेव्हापासून टाकीमागे आठवड्यातून एकदा ड्रम लागतो. दुसऱ्या दिवशी, पूर्ण गार झाल्यावर, आप्पा फरशीवर बसून एकेक तुकडा दगडावर टाकून ऐकतात. नीट झालेला कोळसा काचेसारखा वाजतो. ज्याचा आवाज बद्द येतो तो अर्धकच्चा, तो पुन्हा ड्रममध्ये जातो. "एक तुकडा जरी कच्चा राह्यला ना ताई, तर तो धूर करतो," म्हणतात. एवढी निवड मी सोन्याच्या दुकानातही पाहिली नाही.

आणि हा कोळसा ते कुणालाही देत नाहीत. इस्त्रीवाला मागून गेला. हिवाळ्यात पोंकवाला, म्हणजे ज्वारीचा हुरडा भाजून विकणारा, आला, म्हणाला, आप्पा, असला कोळसा मिळाला तर माझा पोंक साऱ्या सुरतेत चालेल. आप्पांनी त्याला चहा पाजला, हवा कशी द्यायची हे समजावून सांगितलं, आणि कोळसा दिला नाही. "राखीव शे," म्हणाले. कुणासाठी राखीव, ते नाही. दर रविवारी मात्र एक गोणी रिक्षात घालून कुठेतरी निघून जायचे. सोसायटीत तर्क चालले. उषाबेनच्या मते कोसाडला त्यांचं दुसरं घर होतं. पहिलंच नसताना दुसरं कसं, असं जयंतीभाई म्हणाले, तर उषाबेन म्हणाल्या, "तमने न समजाय."

मागच्या थंडीत आप्पांच्या कमरेत उसण भरली. पट्टा बांधून फिरत होते. रविवारी सकाळी आमच्या दारात उभे. बराच वेळ हवेबद्दल बोलले. मग म्हणाले, "ताई, तुमची गाडी मोकयी शे का? गोनी जड शे."

यजमानांनी गोणी डिकीत ठेवली आणि मी आप्पांना घेऊन निघाले. गोडादऱ्याहून कोसाडपर्यंत ते एकसारखे बोलत होते. बाभळीचा कोळसा आणि आंब्याचा कोळसा यांत काय फरक, पेटीच्या लाकडाला रंग असेल तर ते का जाळू नये, आमच्या गाडीचं इंजिन कसं वलं वाटतं. तिथल्या एका कॉलनीतल्या इमारतीपाशी गाडी थांबवायला सांगितली. ओळखीच्या एका रिक्षावाल्याने गोणी खांद्यावर घेतली. आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर आप्पा बोलायचे थांबले. खिशातला कंगवा काढला, केस विंचरले, रुमालाने नखांतली काजळी पुसली, आणि कठडा धरून वर चढू लागले.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडं होतं. उघड्या गॅलरीत शेगडीपुढे एक म्हातारी बसली होती. बारीक अंगाची, नऊवारी लुगडं, थोडं बोललं की धाप लागत होती. भिकाबाई. गोणी आत ठेवली तशी तिने वर बघून मला विचारलं, "तुम्ही याच्या सोसायटीतल्या का? बसा."

आप्पा भिंतीशी बसले. त्यांनी गोणीचं तोंड सोडलं आणि कोळसा शेगडीच्या मापाने फोडायला घेतला.

भिकाबाईच बोलत होत्या, मध्ये मध्ये थांबून. नवरा गेल्यावर पदरात एक मुलगी होती, म्हणून लूमवाल्या कामगारांसाठी त्यांनी खानावळ काढली. पहाटेपासून चुलीपुढे. जळण काय मिळेल ते, बहुतेक ओलंच. "तेच आता छातीत बसलंय," म्हणाल्या. डॉक्टरांनी धूर बंद करायला सांगितला. गॅस होता, चहा त्यावर व्हायचा, पण भाकरी गॅसवर त्यांना भाकरीच वाटत नव्हती. त्यांनी भाकरी करणंच सोडलं. मग जेवण सुटलं.

"मग हा एक दिवस गोणी घेऊन आला," त्या म्हणाल्या. "म्हणाला, यात धूर नाही."

"आप्पा तुमच्या खानावळीत जेवायचे?" मी विचारलं.

"मिलमध्ये लागला तरी माझ्याकडेच यायचा. सगळ्यांत शेवटी. गर्दी नको म्हणायचा. आणि मग भांडी घासू लागायचा." भाकरी थापता थापता त्यांनी आप्पांकडे पाहिलं आणि मला विचारलं, "तिकडे बोलतो का हो हा?"

"खूप बोलतात," मी म्हणाले.

भिकाबाईंचा हात थांबला. "खरंच? इथं तर कधी एक शब्द नाही."

आप्पा कोळसा फोडत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

भाकरी तव्यावर फुगली. धूर कुठेही नव्हता. भिकाबाईंनी निखाऱ्यात खुपसलेलं वांगं फिरवलं आणि अहिराणीत, आप्पांकडे न बघता, म्हणाल्या, "आंडेर बलाई ऱ्हायनी. नाशिकले." मुलगी बोलावतेय. मग माझ्यासाठी मराठीत सांगितलं, की मुलीचा फ्लॅट मोठा आहे, तिथे शेगडी चालणार नाही, पण एकटं किती दिवस राहायचं. या महिन्यात न्यायला येणार आहे.

आप्पांचा हात थांबला. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. ते हातातल्या तुकड्याकडे बघत राहिले. मग ते म्हणाले, "इतला कोयसा करी ठेवेल शे. त्याचं काय करू मी?"

अहिराणी मला आता बऱ्यापैकी कळते. त्या दिवशी नसती कळली तरी चाललं असतं.

भिकाबाईंनी भाकरी उलटवली. थोडा श्वास घेतला. "कितला शे?"

"शे बराच," आप्पा म्हणाले.

मी सकाळीच टाकीमागे गेले होते. कमरेमुळे ड्रम कित्येक दिवस लागला नव्हता. तिथे एकही गोणी नव्हती. हीच काय ती शेवटची. मी गॅलरीच्या कठड्यावरून खाली बघत राहिले.

"मंग तो सरू दे," भिकाबाई म्हणाल्या, आणि पहिली गरम भाकरी त्यांनी आप्पांच्या ताटात टाकली. त्यावर भरीत. मला नंतर. आप्पा खाली बघून जेवले. दुसरी भाकरी हवी का असं भिकाबाईंनी विचारलं तेव्हा आप्पांनी नुसतं ताट पुढे सरकवलं.

परत येताना आप्पा गोडादऱ्याच्या वळणावर एवढंच म्हणाले, "ताई, मार्केटवरून जायचं का? पेट्या पाहिल्या असत्या."

त्याला आता वर्ष होत आलं. भिकाबाई कोसाडलाच आहेत. मुलगी फोन करते, कधी येतेस म्हणून विचारते, आणि त्या सांगतात, येते गं, घरात कोळसा पडलाय तेवढा संपू दे. आप्पांनी जयंतीभाईंकडून आठवड्यात दोनदा ड्रम लावायची परवानगी काढली. उषाबेननी ती मागणी कमिटीत स्वतः मांडली, आणि कारण कुणाला सांगितलं नाही. यजमान आता शाळेतून येताना फांद्या दिसल्या तर स्कूटरच्या पुढ्यात घालून आणतात.

परवा मी टाकीमागे गेले. गोण्या भिंतीच्या वर गेल्या होत्या. आप्पा फरशीवर बसून तुकडे वाजवून बघत होते.

"बराच झाला की हो आप्पा," मी म्हणाले.

त्यांनी गोण्यांकडे वर बघितलं, मनातल्या मनात काहीतरी हिशेब केल्यासारखं. मग पुढचा तुकडा उचलला.

"कमीच शे, ताई," म्हणाले.